श्रीरामपूरची आग

शाळेच्या जुन्या कपाटात माझ्या तीन वह्या होत्या. आपल्या सीमाभागात मराठी आणि कानडी एकमेकींत कशा मिसळल्या आहेत, याचे शब्द मी सात-आठ वर्षे त्यांत टिपत होतो. एका पावसाळ्यानंतर कपाट उघडले तो आत वाळवीची माती! पुढे दोन वर्षे त्या कामासाठी लेखणी हाती धरवली नाही. नापास मुलांना धीर देणे हा ज्याचा रोजचा धंदा, त्या हेडमास्तराची ही गत.

त्या दिवसांत विल्यम कॅरेचे चरित्र पुन्हा वाचनात आले. मराठी माणसाला कॅरे परका नाही. नागपूरकडच्या वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली निघाले ते रोमी लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे खिळेच तेथे नव्हते. बंगालमधील श्रीरामपूरच्या ओतशाळेत मात्र नागरी, मोडी आणि इतर अनेक लिप्यांचे खिळे पडू लागले होते.

कॅरे मूळचा इंग्लंडातील खेड्यातला चांभार. १७९३ साली तो बंगालमध्ये उतरला आणि पोटासाठी मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर राहिला. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. सात वर्षांच्या खटपटीनंतर, १८०० सालच्या अखेरीस, कृष्ण पाल या सुताराने बाप्तिस्मा घेतला. तोवर हाती काही नव्हते. पत्नी डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हती. मुलाच्या मृत्यूनंतर तिचे मन बिघडले ते १८०७ साली ती जाईपर्यंत सावरले नाही. कॅरेच्या धीराची चरित्रे पुष्कळ आहेत; त्या धीराची किंमत डोरोथीने किती भरली, हे त्यांत फारसे विचारलेले आढळत नाही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यात आग लागली. वॉर्ड आत काम करीत होता. कागदाच्या कोठारातून धूर दिसताच त्याने दारे-खिडक्या बंद ठेवून वरून पाणी ओतण्यास लावले, पण मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. पौर्वात्य लिप्यांचे चौदा संच वितळले, कागद जळाला. नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरात गेले. जे पैशाने भरून येणार नव्हते तेही गेले: तेलुगू व पंजाबी व्याकरणांची हस्तलिखिते, रामायणाच्या भाषांतराचा भाग, आणि संस्कृतशी नाते सांगणाऱ्या भाषांचा कॅरेने वर्षानुवर्षे जमविलेला बहुभाषी कोश.

कॅरे तेव्हा कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनने जाऊन बातमी सांगितली. संध्याकाळी परतल्यावर तो धुमसत्या ढिगाऱ्यावरून फिरला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. सोबतच्या मित्राला त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की अलीकडे मी या ग्रंथांना पूर्णत्व आणू पाहत होतो आणि त्यांच्याकडे थोड्या अभिमानाने पाहत होतो. देवाने मला खाली बसविले. पुढच्या रविवारी त्याने प्रवचनाला घेतले ते सेहेचाळिसाव्या स्तोत्रातले, देवापुढे निवांत होण्यास सांगणारे वचन. आमचे काय करावयाचे हा अधिकार त्याचा, आणि तो जे करील ते मान्य करणे हे आमचे काम, असे दोन मुद्दे त्याने मांडले.

आपल्याकडे याला कोणी नशिबाचा भोग म्हणेल. कॅरेच्या बोलण्यात मला तो सूर सापडला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत काम हे सोपवलेले असते, कमावलेले नव्हे. म्हणून ते गेले तर रडावे, पण माझे लुटले म्हणून कोणाशी भांडू नये. आणि निवांत होणे म्हणजे हात जोडून बसणेही नव्हे. ढिगाऱ्यात पोलादी ठसे आणि मातृका शाबूत सापडल्या, छापयंत्रे वाचली होती. वितळलेले शिसे पुन्हा मुशीत गेले आणि थोड्याच आठवड्यांत जुळारी कामाला लागले. इंग्लंडात बातमी पोहोचल्यावर सुमारे दोन महिन्यांत नुकसानभरपाई जमली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक नेमकी चालता येते, असे कॅरेने कळविले होते. १८१४ साली तेलुगू व्याकरण निघाले. त्याच वर्षी मोडीत ‘सिंहासनबत्तिशी’ आली. १८१७ साली त्याचे कानडी व्याकरणही छापले गेले. आपल्या दोन्ही भाषांची व्याकरणे अशी एकाच मेजावर झाली.

सगळेच मात्र परत आले नाही. त्याच्या मराठी बायबलची भाषा मुंबईकडे रुचली नाही, आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नव्या कराराचे आपले वेगळे भाषांतर पुरे केले. तो बहुभाषी कोश तर पुन्हा कधी झालाच नाही. १८३४ साली वारेपर्यंत कॅरे दुसरी कामे करीत राहिला.

माझ्या वह्यांत व्युत्पत्तीची मोठी मांडणी होती; तीवर माझा जीव अधिक होता, हे आता कबूल करतो. ती मी सोडली. शब्द मात्र माझे नव्हते, ते देणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी काही अजून आहेत. दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे कोरी वही घेऊन जाणार आहे.