हृदयाचा एमआरआय आणि चयापचय विकार

मधुमेह, स्थूलता, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेली चरबी यांनी हृदयाला किती इजा केली आहे, हे चुंबकीय प्रतिमांवरून पाहण्याची तपासणी. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीतला अडथळा दिसतो. इथे खुद्द हृदयाचा स्नायू दिसतो.

मधुमेहींच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. नसांची संवेदना मंदावल्यामुळे त्यांच्यातल्या काहींना झटका येऊन गेला तरी कळत नाही. आइसलँडमध्ये ६७ ते ९३ वर्षे वयाच्या ९३६ जणांची अशी तपासणी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका आल्याची नोंद ९१ जणांची होती. नोंद नसलेल्या, पण स्नायूवर जुना व्रण असलेल्या व्यक्ती निघाल्या १५७! एकूण ९३६ जणांतल्या ३३७ मधुमेहींपैकी ७२ जणांत असा मूक झटका एमआरआयने दाखवला, ईसीजीने फक्त १५ जणांत. पुढच्या सुमारे सहा वर्षांत मूक व्रणवाल्यांपैकी २८ टक्के दगावले. झटका न आलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. वेदना झाली नाही म्हणून धोका टळला, असे म्हणता येत नाही.

व्रण दिसतो तो गॅडोलिनियमयुक्त औषधामुळे. शिरेतून दिलेले हे औषध निरोगी स्नायूतून लवकर निघून जाते, व्रणात मात्र रेंगाळते आणि तो भाग पांढरा उमटतो. स्नायूभर विखुरलेली तंतुमयता, डाव्या निलयाची जाड झालेली भिंत, हृदयावरचा चरबीचा थर हेही मोजता येते. औषध देऊन हृदयावर ताण आणला, तर मोठ्या वाहिन्या मोकळ्या असूनही सूक्ष्म वाहिन्यांतला मंदावलेला प्रवाह लक्षात येतो.

धोका कोणाला, हे वजनकाट्यावरून ठरवणे भारतीयांच्या बाबतीत फसवे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के.

तपासणीला साधारण पाऊण ते एक तास लागतो, अधूनमधून श्वास रोखावा लागतो. ती महाग आहे आणि प्रत्येक मधुमेहीला सरसकट करण्याजोगी नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लघवीतील अल्ब्युमिन आणि ईसीजी यांचा मान पहिला. लक्षणे किंवा ईसीजी-इको शंकास्पद असतील तेव्हा एमआरआय. मूत्रपिंड फार दुबळे असल्यास गॅडोलिनियमबाबत खबरदारी लागते, म्हणून मधुमेहींनी क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा आणि पेसमेकर असल्यास तो आधीच सांगावा.