कोहिम्याच्या बाजारातील शाल

नागालँडात शिरायला परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. तो का लागतो हे फारसे कोणी विचारीत नाही. १८७३ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून डोंगराच्या पायथ्याशी ‘इनर लाइन’ नावाची रेषा आखली. सखल प्रदेशातल्या व्यापाऱ्यांनी व मळेवाल्यांनी परवानगीवाचून वर जाऊ नये, हा तिचा एक मोठा हेतू होता. म्हणजे खरेदी-विक्रीला लगाम घालण्यासाठी जो कायदा झाला, त्याचाच कागद खिशात घालून मी निव्वळ खरेदीसाठी कोहिम्याला निघालो होतो! दिमापूरला गाडीतून उतरलो, पुढे सुमारे ७५ किलोमीटर घाट चढून गेलो, आणि पोहोचलो तेव्हा जेमतेम पाच वाजले असताना गडद अंधार पडला होता. डिसेंबरात तिकडे सूर्य आपल्याआधी निजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार गाठला. विकणाऱ्या बहुतेक बायकाच. परातींतून वळवळणारे रेशमाचे किडे, पाण्यातल्या गोगलगायी, धुराने काळी पडलेली डुकराच्या मांसाची पट्टी, आणि केळीच्या पानातली ‘अखुनी’. अखुनी म्हणजे शिजवून, आंबवून ठेचलेले सोयाबीन. ही सुमी लोकांची खासियत. इंग्रज लेखक त्यांना ‘सेमा’ म्हणत. चुलीजवळच्या उबेत ती मुरते. वासाने पहिल्यांदा मी दोन पावले मागे सरलो, हे कबूल करतो. पण धुरी दिलेल्या मांसाबरोबर तिची आमटी भातावर घेतली, तेव्हा आपल्याकडच्या सुक्या बोंबलाला नावे ठेवणारे लोक आठवले. नागा मिरचीबद्दल मात्र न बोललेले बरे. २००७ साली तिच्याच जातीच्या मिरचीची जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंद झाली होती. पुढे त्या मानाला दुसऱ्या मिरच्या धनी झाल्या, पण माझ्या जिभेला तो तपशील पटणार नाही.

मग शाल घेतली. लाल-काळ्या पट्ट्यांची, मधोमध पांढरी पट्टी, आणि तीवर काळ्या रंगाने काढलेले हत्ती, वाघ, कोंबडा, भाला, आणि काही गोल ठिपके. घरी सौभाग्यवतींना शोभेल असे वाटले. उतरलो होतो त्या घराचे म्हातारे मालक आओ जमातीचे. त्यांनी शाल मांडीवर उलगडली, बोटाने पट्टी चाचपली आणि हसत विचारले, “तुम्ही किती मिथुन कापलेत?”

मिथुन म्हणजे राशीतले नव्हे. गव्याच्या जातीचे, डोंगरात मोकळे चरणारे जनावर. शालीचे नाव त्सुंगकोतेप्सू. जे. पी. मिल्स हा मोकोकचुंगला अधिकारी होता. त्याचे ‘द आओ नागाज’ हे पुस्तक १९२६ साली निघाले, आणि त्यात या वस्त्रांची हकीकत आहे. ही शाल पैशाने मिळत नसे. शत्रूचे शिर आणणाऱ्याने, नाहीतर मिथुन बळी देऊन गावाला जेवू घालणाऱ्याने ती पांघरावी, असा दंडक. ते गोल ठिपके म्हणजे माणसांची शिरे! कापड विणायचे बायकांनी, कंबरेला ताणलेल्या छोट्या मागावर, अरुंद पट्टे काढून मग ते जोडायचे. पांढऱ्या पट्टीवर चित्र काढायचे ते मात्र पुरुषांनीच, झाडाच्या चिकात तांदळाची दारू व राख कालवून केलेल्या शाईने.

यातली शिरांची वाट बंद झाली, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळणार नाही. दुसरी वाट मला अधिक विचारात पाडते. ज्याच्या कोठारात भात उरला, तो त्याने विकायचा कोठे? त्याची दारू व्हायची, जनावरे कापली जायची, सारे गाव जेवायचे. अशा एकामागून एक चढत्या मेजवान्या. आओंपासून अंगामींपर्यंत अनेक जमातींत ही रीत होती. कोठे यजमानाच्या नावाने मोठी शिळा ओढून आणीत, कोठे घराच्या दर्शनी भागाला शिंगे लागत. धान्य संपे आणि अंगावर शाल येई. आपल्याकडे विद्वानाला शालजोडी दुसऱ्याने द्यायची. तिथे ती गावाला खाऊ घालून स्वतः मिळवायची. गरिबाला ती कधीच मिळत नसणार, हेही खरे.

१८७२ साली एडवर्ड क्लार्क हा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी आओ मुलखात आला. पुढे ख्रिस्ती झालेल्यांना तांदळाची दारू वर्ज्य झाली, बळी तर अर्थातच. दारूवाचून मेजवानी नाही, मेजवानीवाचून हक्क नाही. मिल्सने याबद्दल मिशनला दोष दिला आहे. त्यात तथ्य आहे; पण राज्यकर्त्याने लोकांच्या जुनेपणाची काळजी वाहावी, यातली गंमतही सुटत नाही. शाल राहिली, तिचे मोल ठरवणारी पंगत उठून गेली. मग ती दुकानात आली.

नागांना बाजार नवा होता असे मात्र नाही. त्यांच्या गळ्यातले तांबडे अकीक खंभातचे, शंख आणि कवड्या समुद्राकाठच्या. कितीतरी हातांतून त्या डोंगरावर जात. अंगामी वीराच्या काळ्या वस्त्रावर कवड्यांच्या किती ओळी असाव्यात, याचेही नियम होते. कवडी विकत मिळे. ती लावण्याचा हक्क मिळत नसे.

“आता आमची मुले लग्नात पांघरतात,” म्हातारे म्हणाले. “आओ म्हणून. तुम्हीही पांघरा, कोणी काही म्हणणार नाही. पण घरच्या बाईंसाठी घेतली असेल तर परत करा. ही पुरुषांची आहे.”

परत गेलो. दुकानदारीण खळखळून हसली. विकताना मात्र ती एक अक्षर बोलली नव्हती! तिने आपल्याच मागावरची, चित्रांवाचूनची बायकांची शाल पुढे केली. ती थोडी महागच पडली. अखुनीच्या पुडीशेजारी पिशवीत तीन दिवस राहिल्यामुळे पुण्याला ती आठवडाभर गच्चीत वाळत होती, आणि शेजारच्या बाई रोज विचारीत, “काय हो, नवीन काय शिजवताय?”