न थांबवता ऐकण्याची सोय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, मांडवीच्या जेटीपासून मिरकरवाड्याचं मच्छीमार बंदर फार लांब नाही. तिथल्या एका तांडेलाची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ‘मशीन भर समुद्रात खोकतं आणि बंदराला लागलं की शहाण्यासारखं चालतं. मिस्त्रीला दाखवू काय?’ दुखणं दाखवायचं तर नौका बंदरात आणावी लागते, आणि आणली की दुखणंच नाहीसं होतं.

हीच अडचण संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना अनेक वर्षं छळत होती. तिच्यावर त्यांनी कोणता तोडगा काढला, त्याची आज गोष्ट सांगतो.

या गोष्टीचं जहाजाशी शब्दापासूनच नातं आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत; नेमक्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. गाठ म्हणजे ‘नॉट’ आणि लाकूड म्हणजे ‘लॉग’. ज्या वहीत हे लिहीत, ती लॉगबुक. संगणक स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी ठेवतो, त्यांनाही पुढे ‘लॉग’च म्हणू लागले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला, तो तिथल्या मंडळींनी नोंदवहीतच चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीचीच होती. त्या दिवशी खराखुरा किडा हाती लागला इतकंच. दोष शोधून काढण्याला म्हणूनच ‘डीबग’ करणं म्हणतात.

आता लिनक्सकडे येऊ. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक नवी संगणक प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. तीच ही लिनक्स. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तीच आहे. कॅमेरा, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड अशा उपकरणांशी बोलायला तिच्यात दुभाषे असतात. त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हे दुभाषे नोंदवहीत लिहीत असतात. त्या नोंदींना शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे हाहाकार, आणि सात म्हणजे दोष शोधणाऱ्यापुरती कुजबुज.

ही कुजबुज एरवी बंद ठेवावी लागते. नेटवर्क कार्डातून सेकंदाला लाखो पुडकी ये-जा करू शकतात. प्रत्येकाची ओळ लिहायची म्हटलं तर यंत्र लिहिण्यातच दमेल, आणि कामाची ओळ त्या पुरात वाहून जाईल. शिवाय लिहिण्यात वेळ जातो, त्याने यंत्राची लय बदलते, आणि लयीच्या चुकीतून आलेला दोष लपून बसतो.

म्हणून कुजबुजीच्या ओळी बहुधा वगळूनच ड्रायव्हर तयार होई. त्या हव्या असतील तर तो नव्याने बांधायचा, जुना काढून नवा बसवायचा, प्रसंगी यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करायचं. काही ड्रायव्हरांत लेखकाने आपापली कळ ठेवलेली असे, पण दर घराची कळ वेगळी. पुण्यात हेच काम करणारा माझा भाचा मला म्हणाला, ‘मामू, दहा दिवसांनी एकदा दिसणारा दोष. यंत्र पुन्हा सुरू केलं की आणखी दहा दिवस वाट बघा.’ मला आमचा तांडेल आठवला.

यावर तोडगा निघाला २००८ साली. रेड हॅट कंपनीतले जेसन बॅरन यांनी केलेली सोय त्या डिसेंबरच्या लिनक्समध्ये आली, आणि जून २००९च्या आवृत्तीत तिला आजचं ‘डायनॅमिक डीबग’ हे रूप मिळालं. कल्पना साधी आहे. कुजबुजीच्या ओळी वगळायच्या नाहीत, झोपवून ठेवायच्या. प्रत्येक ओळ कोणत्या फाइलमध्ये, कितव्या जागी, कोणत्या कामात आहे, याची एकच यादी ठेवायची. यंत्राच्या मालकाने त्या यादीला सांगायचं, ‘अमुक ड्रायव्हर, अमुक ओळ, अधिक पी’. तेवढीच ओळ बोलू लागते. ‘उणे पी’ म्हटलं की गप्प होते. यंत्र क्षणभरही थांबत नाही. पुढे अशीही युक्ती आली की झोपलेल्या ओळीच्या जागी यंत्राला नुसतं ‘पुढे चला’ एवढीच सूचना असते, आणि ओळ जागी करताना चालत्या यंत्रातच ती सूचना बदलली जाते. त्यामुळे झोपलेल्या ओळीचं ओझं जवळजवळ नाहीच.

भाच्याने हीच कळ वापरून एका रात्री फक्त एका फाइलचं तोंड उघडलं. दोष त्या वेळी चालूच होता. पहाटेपर्यंत तो सापडला.

मी विचारलं, ‘म्हणजे आता कुठलाही दोष सापडणार?’ तो म्हणाला, ‘नाही मामू. कळ फक्त लिहिलेली ओळ जागी करते. जिथे लिहिणाऱ्याने ओळच ठेवली नाही, तिथे ती कळ काय करणार?’

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. त्या रात्री उपयोगी पडलेली ती ओळ पूर्वी कधीतरी कुणीतरी लिहिली होती. ती बहुतेक यंत्रांत कायम झोपूनच राहील, हे त्याला ठाऊक होतं. तरीही पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी त्याने ती नीट लिहिली, कारण अडचणीच्या वेळी त्या माणसाजवळ तेवढंच असणार होतं. आमच्या तांडेलाच्या मशीनमध्ये अशी ओळ कुणी ठेवलेली नाही. तो अजून कान देऊनच ऐकतो.