सामान लादलेल्या सायकलसाठी गिअर शिफ्टर कोणता घ्यावा? महागडा की भरवशाचा?

केडगाव म्हणजे अहिल्यानगर शहराचं पुण्याच्या बाजूचं उपनगर. इथून सायकल घेऊन लांब निघायचं ठरवलं तर वाटा बऱ्याच आहेत. पाथर्डीकडे करंजी घाट, छत्रपती संभाजीनगरकडे इमामपूर घाट आणि कल्याणकडे माळशेज घाट. नगर उंच पठारावर असल्यामुळे या तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच आहे. जाताना घाट उतरायचा असतो आणि परतताना चढायचा असतो.

म्हणजे अंग थकलेलं असतं, ऊन डोक्यावर असतं, कॅरिअरला वीस किलो सामान असतं, आणि नेमकी तेव्हाच हलक्या गिअरची गरज पडते. त्याच वेळी गिअर पडला नाही तर?

म्हणून लांबच्या प्रवासासाठी सायकल तयार करताना शिफ्टरचा प्रश्न येतो. दुकानात गेलं की ‘जितके जास्त गिअर तितकं भारी’ असं सांगितलं जातं. सामान लादून फिरणाऱ्यासाठी मात्र हिशोब वेगळा असतो.

शिफ्टर नेमकं काय करतो?

शिफ्टर म्हणजे हँडलवरचा तो खटका किंवा दांडी, जिच्याने गिअर बदलतो. त्याचं काम एकच, तार ठरावीक अंतर ओढणं किंवा सैल सोडणं. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला डिरेलर असतो. तो चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. डिरेलरमध्ये स्प्रिंग असते. तार ओढली की चेन एका बाजूला जाते, तार सैल झाली की स्प्रिंग तिला परत दुसऱ्या बाजूला आणते.

तार तुटली तर काय होतं?

बहुतेक सायकलींमध्ये मागची तार तुटली की स्प्रिंग चेनला सर्वात लहान चक्रावर नेऊन सोडते. मागचं सर्वात लहान चक्र म्हणजे सर्वात जड गिअर.

आकड्यांत पाहू. सायकलस्वार ६५ किलो, सायकल १५ किलो आणि सामान २० किलो, असं एकूण वजन १०० किलो धरू. चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं आणि मागचं सर्वात मोठं ३४ दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साधारण ६.४ किमी आणि लागणारी ताकद किमान १०५ वॉट. सवय असलेला माणूस हे बराच वेळ करू शकतो.

आता मागची चेन १४ दात्यांच्या चक्रावर अडकली असं समजा. त्याच ६० फेऱ्यांना किमान २५० वॉट लागतात. फेरे कमी केले तरी सुटका नाही, कारण प्रत्येक फेऱ्याला पायडलवर जवळपास अडीचपट जोर द्यावा लागतो. हा सगळा भार गुडघ्यांवर येतो. बहुतेकांना अशा वेळी उतरून सायकल ढकलावी लागते. घाटात संध्याकाळ झालेली असेल आणि मागून ऊसाच्या ट्रॉल्या येत असतील, तर हे धोक्याचं आहे.

शिफ्टरचे मुख्य प्रकार

• ट्रिगर शिफ्टर : सरळ हँडलच्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर हाच असतो. अंगठ्याने आणि बोटाने दाबायचे दोन खटके. वापरायला सोपा, पण आत बारीक भाग बरेच असतात.

• ग्रिप शिफ्टर : मूठ फिरवून गिअर बदलतो. स्वस्त आणि साधा, पण घामाने किंवा पावसाने हात ओले असतील तर मूठ निसटते.

• ब्रेक आणि गिअर एकत्र असलेला शिफ्टर : वाकड्या हँडलच्या रोड सायकलवर दिसतो. हात न सोडता गिअर बदलता येतो, ही मोठी सोय. मात्र आतली रचना गुंतागुंतीची असते आणि बिघडला तर रस्त्यात उघडून दुरुस्त करणं अवघड जातं.

• थंब शिफ्टर : सरळ हँडलच्या वर बसणारी अंगठ्याने फिरवायची दांडी. भाग मोजकेच.

• बारएंड शिफ्टर : वाकड्या हँडलच्या टोकाला बसणारी दांडी. टूरिंगच्या सायकलींवर तो अनेक वर्षं वापरात आहे.

इंडेक्स की फ्रिक्शन?

निवड करताना खरा फरक इथे पडतो.

इंडेक्स शिफ्टरमध्ये ‘टक’ आवाज होतो आणि चेन बरोबर पुढच्या चक्रावर जाते. शिमानो कंपनीने १९८४ मध्ये आपली इंडेक्स पद्धत बाजारात आणली आणि पुढे तीच सगळीकडे रूढ झाली. प्रत्येक खटक्याला तार किती ओढायची हे शिफ्टरमध्येच ठरलेलं असतं.

फ्रिक्शन शिफ्टरमध्ये खटका नसतो. दांडी हळूहळू फिरवायची, चेन बसल्याचा अंदाज कानाने आणि पायाने घ्यायचा. सवय व्हायला थोडे दिवस लागतात. पण तार थोडी ताणली गेली, केबलमध्ये धूळ गेली किंवा डिरेलर जरासा वाकला, तरी दांडी थोडी जास्त फिरवली की काम भागतं.

इंडेक्समध्ये ही सूट मिळत नाही, आणि गिअर वाढतील तशी ती आणखी कमी होते. ७ स्पीडमध्ये मागच्या दोन चक्रांमधलं अंतर सुमारे ५ मिमी असतं. ८ स्पीडमध्ये ते ४.८, ९ स्पीडमध्ये ४.३५ आणि ११ स्पीडमध्ये सुमारे ३.७ मिमी होतं. अंतर जितकं कमी, तितकी छोटीशी चूकही जाणवते.

म्हणून लांबच्या प्रवासाला सर्वात भरवशाचा शिफ्टर म्हणजे ज्यात दोन्ही सोयी आहेत तो. एरवी इंडेक्सवर चालवायचा, बिघाड झाला की फ्रिक्शनवर टाकायचा. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडच्या बारएंड शिफ्टरमध्ये आणि मायक्रोशिफ्ट कंपनीच्या काही थंब शिफ्टरमध्ये ही सोय मिळते. प्रत्येक मॉडेलमध्ये ती नसते, त्यामुळे घेण्याआधी विचारून आणि फिरवून पाहावं.

घेण्याआधी जुळणी तपासा

शिफ्टर एकटा काम करत नाही. मागे किती चक्रं आहेत आणि डिरेलर कोणता आहे, यावर शिफ्टर ठरतो. शिमानोचे ७, ८ आणि ९ स्पीडचे मागचे डिरेलर साधारणपणे एकमेकांच्या जागी चालतात, शिफ्टर मात्र चक्रांच्या संख्येचाच लागतो. १० स्पीडपासून माउंटन आणि रोडच्या जुळण्या वेगळ्या होतात.

आणखी एक मुद्दा आहे. ७ आणि ८ स्पीडची चेन, फ्रीव्हील किंवा शिफ्टर तालुक्याच्या गावातल्या सायकल दुकानातही मिळण्याची शक्यता असते. ११ किंवा १२ स्पीडचा भाग बिघडला तर पुणे-मुंबईकडे पाहावं लागतं. प्रवासात त्या एका भागापायी दोन दिवस जाऊ शकतात.

दोष बऱ्याचदा शिफ्टरचा नसतो

गिअर नीट पडत नाही म्हणून शिफ्टर बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तार आणि तिचं कव्हर. पावसाचं पाणी आणि चिखल आत गेला की तार जड चालते. दुसरी, हँगर. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती पट्टी म्हणजे हँगर. लादलेली सायकल उजव्या बाजूला पडली की ही पट्टी सहज वाकते, आणि मग कितीही महाग शिफ्टर असला तरी गिअर नीट पडत नाही.

सोबत काय ठेवावं?

• गिअरची एक जादा तार, मागच्या डिरेलरपर्यंत पुरेल इतकी लांब. तीच कापून पुढच्याला वापरता येते. गिअरची तार साधारण १.२ मिमी जाडीची असते. ब्रेकची तार जाड असते आणि तिचं टोकही वेगळं, त्यामुळे ती इथे चालत नाही.
• आपल्याच फ्रेमचा एक जादा हँगर. हा प्रत्येक सायकलचा वेगळा असतो.
• ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर आणि तार कापायची पक्कड.

एक खबरदारी ब्रेकबाबत. गिअरच्या तारेचं कव्हर ब्रेकला कधीही लावू नये. त्याची बांधणी वेगळी असते आणि ब्रेक जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं.

जादा तार नसताना मागची तार तुटली तर? चेन हाताने मधल्या चक्रावर आणावी आणि तारेचा उरलेला तुकडा ताणून फ्रेमवरच्या एखाद्या बोल्टला घट्ट बांधावा. तुकडा पुरत नसेल तर डिरेलरवरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू आत फिरवावा. त्याने चेन लहान चक्रापासून निदान एखादं चक्र आत सरकते. पुढचं चक्र सर्वात लहान ठेवलं की हळूहळू पुढच्या गावापर्यंत पोहोचता येतं.

थोडक्यात

सामान लादून फिरायचं असेल तर गिअरच्या संख्येपेक्षा तीन गोष्टी पाहा. पुढे लहान आणि मागे मोठं चक्र आहे का, शिफ्टर बिघडल्यावरही चालवता येतो का, आणि त्याचे भाग वाटेवरच्या गावात मिळतात का. ७ ते ९ स्पीड आणि इंडेक्स-फ्रिक्शन दोन्ही असलेला साधा शिफ्टर या कसोट्यांना उतरतो. आधीपासून ट्रिगर शिफ्टर असेल आणि तो नीट चालत असेल, तर तो बदलायची घाई नाही. नवी तार टाका, जादा तार बॅगेत ठेवा आणि ती बदलायची कशी हे निघण्याआधी घरीच एकदा करून पाहा. घाटात अंधार पडल्यावर शिकण्यापेक्षा ते बरं.