कोळशाची जागा

आबांचा विषय निघाला की आमच्या घरात तीन वेगळी माणसं उभी राहतात. आज्जीचे 'हे' म्हणजे रात्री दोन वाजता कॉलबॉयनं कडी वाजवली की पायांत बूट चढवणारे. आत्याचे आबा इंजिनच्या बेलच्यावर भाजलेली वांगी फडक्यात बांधून घरी आणणारे. माझ्या वाट्याला आले ते रिटायर झालेले, ओसरीवर बसून शिट्टी ऐकू आली की मनगटाकडं बघणारे. "सतरा मिनिटं," एवढंच बोलायचे. उशीर गाडीला झालेला असायचा, अपराधी चेहरा आबांचा.

बार्शी लाईटवर ते फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन उतरले. रूळ अडीच फुटांचे. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा हिशेब असा, की एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवर भागतं आणि पैसा वाचतो. १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला गाडी आली. १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. नवी नवरी असताना आज्जीला वाटलं होतं, लाईट म्हणजे गाडीत दिवे असणार. चढून बघते तर डब्यात अंधार. "नावातच फसवलं बघा," हे ती शेवटपर्यंत ऐकवायची.

चढावर गाडी इतकी मंदावायची की लोक उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटायचे आणि पुन्हा चढायचे, असं गावात सगळेच सांगतात. प्रत्येक बारक्या लाईनीवर हीच गोष्ट ऐकायला मिळते, म्हणून मी ती निम्मीच धरतो. आषाढीचं मात्र दादा, म्हणजे माझे वडील, सांगतात ते खरं. गर्दी एवढी की मालाच्या डब्यांतूनही वारकरी न्यावे लागत. ते पंधरा दिवस आबा घरी दिसायचे नाहीत. इतकी वर्षं पंढरपूरला गाडी नेली, पण एकदाही देवळात गेले नाहीत. दादांनी एकदा छेडलं, तर म्हणाले, "इंजिन कुणाच्या भरवशावर सोडू?"

लातूरच्या वाटेची गोष्ट वेगळी. बार्शी मुंबई इलाख्यात, आणि पुढं येडशी लागली की निजामाचा मुलूख. गाडी तीच, पण पैसा बदलायचा. इकडं कलदार, तिकडं हाली. सात हालीला सहा कलदार. आबांच्या खिशात दोन्ही खुळखुळायचे आणि हिशेबात ते हमखास मार खायचे. आज्जीनं त्यातले दोन हाली रुपये मोहरीच्या डब्यात ठेवले होते, ते आत्याकडं आहेत.

१९४८च्या उन्हाळ्यात सरहद्दीपलीकडची गावं रझाकारांच्या भीतीनं रिकामी होत होती. माणसं बार्शीत येत होती, कुणी बैलगाडीनं, कुणी रातोरात चालत. सप्टेंबरात १३ ते १७ अशा पाच दिवसांत पोलीस अॅक्शन झाली आणि निजामी संपली. त्याआधीच्या एका रात्री आबांनी एका बाईला आणि तिच्या पोराला इंजिनवर लपवून आणलं, असं आज्जी सांगायची. बाई फायरमनचा काळा सदरा घालून बेलचा धरून उभी, आणि पोर कोळशात. दुसऱ्या दिवशी धुण्याला टाकलेल्या सदऱ्याच्या बाहीत आज्जीला फुटक्या बांगडीचा तुकडा सापडला होता. आत्याच्या मते हे सगळं झालं गार्डाच्या डब्यात, आणि आबांना ते बार्शीत उतरल्यावर कळलं. आबांना मी विचारलं तेव्हा दहा वर्षांचा असेन. त्यांनी पानाचा देठ खुडला. "गाडी टायमात आली होती," म्हणाले.

ते गेले तेव्हा लाईन बारकीच होती. पुढं या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले आणि जुनी इंजिनं भंगारात गेली.

मी कारकुनी स्वभावाचा माणूस. गोष्ट आवडली की तिचं माप घ्यावंसं वाटतं. आबा चालवत त्या इंजिनाला कोळशाचा वेगळा डबा नसे, अशी माझी ऐकीव माहिती. ड्रायव्हरच्या पाठीमागंच कोळशाची बेताची जागा. तीत भर कोळशात पोर मावेल कसं? आज्जीनं बांगडी खरी पाहिली असेल, बाकीचं नंतर रचलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मागच्या वर्षी एका बागेत शोभेसाठी मांडलेलं तसलंच एक इंजिन दिसलं. माझी पाच वर्षांची नात मी नको म्हणेपर्यंत वर चढली आणि त्या कोळशाच्या जागेत जाऊन बसली. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यावर. वर बोटभर जागा उरली. तिच्या फ्रॉकला गंज लागला, त्यावरून घरी बोलणी खाल्ली.

रात्री आत्याला फोन करून सांगितलं, पोर मावतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अरे, पण आई तर दोन पोरं म्हणायची."