डॅन्यूबचा करार आणि तानसाचें पाणी

दोन शेजाऱ्यांचें सख्य त्यांच्या जाहीरनाम्यांवरून ओळखूं नये. दोघांच्या मधून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब ते कसा करतात, यावरून ओळखावें. हंगेरी देशाच्या अलीकडच्या इतिहासांत याची जी प्रचीति येते, ती ठाणें जिल्ह्यांतील तानसाकाठच्या वाचकासहि विचार करावयास लावील अशी आहे.

१९५६ सालीं हंगेरीच्या जनतेनें केलेला उठाव रशियन रणगाड्यांनीं चिरडला. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ तेथें एकाच पक्षाची सत्ता राहिली. याच काळांत, १९७७ च्या सप्टेंबरांत, हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया यांनीं डॅन्यूब नदीवर जोडधरणें बांधण्याचा करार केला. वरच्या अंगास गाबचीकोवो येथें विजेचें मोठें केंद्र आणि खालच्या अंगास, हंगेरीच्या भूमीवर, नाज्मारोश येथें दुसरा बंधारा, अशी ती योजना होती. वीज, नौकानयन व पूरनियंत्रण हे तिचे हेतु कांहीं वाईट नव्हते. वाईट होतें तें हें कीं, ज्यांच्या विहिरी व कुरणें त्या नदीवर जगत, त्यांना कोणी विचारलें नाहीं.

या योजनेवर प्रथम आक्षेप घेणारांत यानोश वर्गा हे जीवशास्त्रज्ञ होते. १९८४ सालीं त्यांच्या पुढाकारानें ‘डॅन्यूब मंडळ’ स्थापन झालें. जेथें विरोधी पक्ष काढणें अशक्य, तेथें नदीविषयीं बोलणें थोडेंसें शक्य होतें. म्हणून राज्यकर्त्यांविषयींचा असंतोष नदीच्या वाटेनें वाहूं लागला. १९८८ च्या सप्टेंबरांत हजारों नागरिक बुडापेस्ट शहरांत धरणाविरुद्ध रस्त्यावर आले, आणि पुढच्याच मे महिन्यांत सरकारला नाज्मारोशचें काम तहकूब करावें लागलें. १९९० सालीं मुक्त निवडणुका होऊन योझेफ आंतल पंतप्रधान झाले.

नाज्मारोशच्या समोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर, विशेग्रादचा पुरातन किल्ला आहे. १३३५ सालीं हंगेरी, पोलंड व बोहेमिया यांचे राजे तेथें एकत्र आले होते. १५ फेब्रुवारी १९९१ रोजीं त्याच विशेग्रादला आंतल, चेकोस्लोव्हाकियाचे वात्स्लाव हावेल व पोलंडचे लेक वालेसा यांनीं परस्पर सहकार्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. रशियाच्या कक्षेंतून सुटल्यावर पश्चिम युरोपच्या पंगतीस एकमेकांना ढकलून नव्हे, तर हातांत हात घालून बसावयाचें, हा त्याचा आशय. परंतु समोरच्या पात्रांतील भांडण सह्यांनीं मिटलें नाहीं.

मे १९९२ मध्यें हंगेरीनें धरणाचा करार संपुष्टांत आणल्याचें कळविलें. ऑक्टोबरांत चेकोस्लोव्हाकियानें आपल्या हद्दींत निराळा बांध घालून नदीचें बहुतेक पाणी आपल्या कालव्यांत वळविलें. दोनच महिन्यांनीं त्या देशाचीं दोन राष्ट्रें झालीं व तंट्याचा वारसा स्लोव्हाकियाकडे आला. स्लोव्हाकियांत हंगेरियन भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येनें राहतात. पाण्याच्या तंट्यास वंशद्वेषाचें रूप येण्यास फार वेळ लागला नसता. पण १९९३ सालीं उभयतांनीं मिळून हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें नेला. २५ सप्टेंबर १९९७ च्या निकालानें कोणाचेंच पूर्ण समाधान झालें नाहीं. हंगेरीला काम सोडून देण्याचा अधिकार नव्हता. चेकोस्लोव्हाकियाला पाणी एकतर्फी वळविण्याचा अधिकार नव्हता. करार जिवंत आहे, तेव्हां सद्भावनेनें बोलणीं करा, असें न्यायालयानें सांगितलें. न्यायमूर्ति वीरमंत्री यांनीं आपल्या स्वतंत्र मतपत्रांत श्रीलंकेच्या प्राचीन तलावांचा दाखला देऊन, विकास व निसर्गरक्षण यांचा मेळ जुन्या संस्कृतींस ठाऊक होता, हें दाखविलें. पुढें बोलणीं रेंगाळलीं. तरीहि १ मे २००४ रोजीं हीं दोन्ही राष्ट्रें, पोलंड व चेकिया यांसह, एकाच दिवशीं युरोपीय संघांत दाखल झालीं. मतभेद मिटले म्हणून हें सहकार्य टिकलें नाहीं. मतभेद मांडावयास जागा होती, म्हणून टिकलें.

आतां तानसाकडे वळूं. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या, सुमारें पावणेतीन किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीनें या नदीचें पाणी मुंबईच्या नळांत नेलें. पुढें वैतरणा, भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा यांची भर पडली. मुंबईची तहान खरी आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु तानसा व भातसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. १८९२ सालीं परकी सरकारास रानांतील ठाकूर, वारली, कातकरी यांची संमति घेण्याची गरज वाटली नाहीं, यांत नवल नाहीं. नवल पुढचें आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत काळू नदीवरील धरणाचें काम वनखात्याच्या मंजुरीवांचून २०११ सालीं सुरू झालें, आणि २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें थांबविलें. वनकायद्याचा आधार नसता, तर गांवकऱ्यांच्या विरोधास कितपत वजन राहिलें असतें?

कोणी म्हणेल, कोठें दोन राष्ट्रें आणि कोठें एकाच राज्यांतील शहर व तालुका! भेद खराच, पण तो तालुक्यासच अधिक जड जातो. तीं राष्ट्रें समान दर्जाचीं होतीं, म्हणून त्यांचा हिशेब एका मेजावर मांडला गेला. पाड्याला शहराच्या बरोबरीनें बसवील असें मेज आपल्याकडे अद्याप मांडलेलें नाहीं. तानसाची भिंत पाडावी असें कोणीहि म्हणत नाहीं. उगमाकाठच्या माणसास पाण्याचा पहिला वांटा मिळावा आणि नवें धरण आंखण्यापूर्वीं त्याला विचारावें, एवढीच मागणी आहे. परक्या अमलांत जें राहून गेलें, तें स्वराज्यांत तरी पुरें व्हावयास हवें.