वैमानिक एकदम आजारी पडतात तेव्हा

८ सप्टेंबर २००९ रोजी जेट एअरवेजच्या शेकडो वैमानिकांना एकाच दिवशी बरं वाटेनासं झालं. साथ कसलीच नव्हती. वैमानिकांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' नावाची संघटना बांधली होती, त्या खटपटीतल्या दोघांना कंपनीने घरी बसवलं होतं आणि सहकाऱ्यांनी त्याला आजारी रजेने उत्तर दिलं. मुंबई हे जेटचं माहेरघर, त्यामुळे सर्वांत मोठी झळही इथेच बसली. पहाटे बॅगा घेऊन सांताक्रूझला पोचलेल्यांनी फलकावर आपल्या विमानापुढे 'रद्द' हा शब्द वाचला. इतर कंपन्यांच्या खिडक्यांपुढे रांगा लागल्या, तिकिटं महागली. उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण पाच दिवसांनी मिटलं आणि काढलेल्यांना परत घेण्यावर तोड निघाली.

संप म्हणायचं नाही, रजा म्हणायचं, यात एक कायदेशीर मेख होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतूक लोकोपयोगी सेवांमध्ये धरली होती. अशा सेवेत संप करायचा तर किमान चौदा दिवस आधी नोटीस देणं भाग होतं. ती नोटीस जायची व्यवस्थापनाला, पण तिची बातमी छापून आली की प्रवाशालाही उमगायचं. दोन आठवड्यांत रेल्वेचं आरक्षण बघता येई, लग्नघरी कळवता येई, हॉटेलवाल्याशी घासाघीस करता येई. आजारपणाला कोण नोटीस देणार? त्या एका युक्तीने प्रवाशाच्या हातचे चौदा दिवस गेले.

त्याआधीच्या पिढीचं दुखणं वेगळं होतं. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशांतर्गत आकाश एकट्या इंडियन एअरलाइन्सच्या ताब्यात गेलं. तिथे काम बंद पडलं की मुंबईहून दिल्लीला जायला उरायची ती राजधानी, आणि तिचं आरक्षण मिळालं तर नशीब. डिसेंबर १९९२ मध्ये वैमानिकांनी संप पुकारला तेव्हा मुंबई दंगलींनी होरपळत होती. संचारबंदीमुळे स्टेशन गाठणंही जिथे जिकिरीचं, तिथे इंडियन एअरलाइन्सची विमानंही जमिनीवर होती.

सरकारने नमतं न घेता उझबेकिस्तानातून कर्मचाऱ्यांसकट टुपोलेव-१५४ विमानं भाड्याने आणली. त्यांतलंच एक ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून दिल्लीला उतरताना धुक्यात धावपट्टीवर आपटलं, उलटं झालं आणि पेटलं. आत १६५ माणसं होती. सगळी वाचली. हवाई वाहतूक मंत्री होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. त्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. एका पगाराच्या भांडणात प्रवासी किती दूरवर ओढला जाऊ शकतो, हे त्या धुक्यातल्या सकाळी देशाने पाहिलं.

त्या काळी मुंबईच्या उपनगरातल्या चारकोपसारख्या वस्तीला हे सारं पेपरात वाचायचं प्रकरण होतं. कांदिवलीच्या पश्चिमेला जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने छोटे छोटे प्लॉट आखून दिले होते आणि लोक सोसायट्या करून त्यांवर घरं उभारत होते. सिमेंट, पाणी, बस यांची विवंचना मोठी. विमानाच्या तिकिटाचा विचार करायला सवड कोणाला? इकडच्या माणसाचा संप म्हणजे रेल्वेचा किंवा बेस्टचा.

चित्र पालटलं ते नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट, १९९३ मध्ये दमानिया आणि जेट या कंपन्या मुंबईतून उडू लागल्या होत्या. १९९४ मध्ये मक्तेदारीचा कायदाच रद्द झाला. पुढे २००३ नंतर स्वस्त विमानं आली आणि चारकोपच्या सेक्टरांमधून गोवा, काश्मीर, दुबईच्या सहली निघू लागल्या. संपाची झळ आता सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोचली.

२०१२ चा मे महिना अनेकांना त्यामुळेच आठवतो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं २००७ मध्ये विलीनीकरण झालं होतं, पण वैमानिकांची मनं जुळली नव्हती. नव्या बोइंग ७८७ चं प्रशिक्षण कोणाला, यावरून मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक बिथरले आणि पुन्हा आजारी रजेवर गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने आंदोलन बेकायदा ठरवलं, कंपनीने शंभरावर वैमानिकांना बडतर्फ केलं, तरी संप ५८ दिवस चालला. युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या छाटून तात्पुरतं वेळापत्रक काढावं लागलं. मुलीच्या बाळंतपणाला न्यूजर्सीला निघालेल्या आईला थेट विमान हवं असतं. मधल्या विमानतळावर टर्मिनल बदलायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. पैसे परत मिळाले तरी बाळंतपणाची तारीख कोण पुढे ढकलणार?

पैशांचंही गणित सरळ नाही. समजा, चारकोपमधल्या चौघांनी लेहची सहल आखली. मुंबई-दिल्ली एका कंपनीचं तिकीट, दिल्ली-लेह दुसरीचं, दोन्हींचे पीएनआर वेगळे. पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला निघायचं. मेट्रो बंद, म्हणून रिक्षाला सव्वापट भाडं. विमानतळावर कळतं की पहिलं विमान रद्द. ती कंपनी आपले पैसे परत करते किंवा पुढचं विमान देते. दुसरीच्या लेखी मात्र हे चौघे वेळेवर न आलेले प्रवासी, म्हणून ते तिकीट बुडीत. लेहचं हॉटेल आणि गाडीचा आगाऊ भरणा यांची भरपाई विमान कंपनीकडून होत नाही.

नुकसानभरपाई मागावी तर नियम आडवा येतो. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये विमान रद्द झाल्यास प्रवाशाला काय द्यायचं याचे नियम केले. त्यांत अपवादात्मक परिस्थितीत कंपनीला भरपाईतून सूट आहे, आणि त्या यादीत पूर, दंगल यांच्या जोडीला संप आणि कामगार-तंटेही आहेत. युरोपात उलट घडलं. जर्मनीच्या टुइफ्लाय कंपनीचे कर्मचारी २०१६ मध्ये असेच घाऊक आजारी पडले होते. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कंपनीने स्वतःच्या निर्णयाने ओढवून घेतलेला असंतोष अपवादात्मक नाही, प्रवाशांना भरपाई द्या.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी पुन्हा तोच मार्ग धरला. आखाताच्या फेऱ्या कोलमडल्या. तिथल्या रुग्णालयात असलेल्या नवऱ्याकडे निघालेल्या एका महिलेचं विमान रद्द झालं. त्यांची शेवटची भेट झालीच नाही. आदल्या दिवशी पंचवीस जणांना कामावरून काढलेल्या कंपनीने ९ मे रोजी समेट करून त्यांना परत घेतलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागू आहे आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच मानला जाईल. या व्याख्येत शब्द नैमित्तिक रजेचा आहे. २००९, २०१२ आणि २०२४ मध्ये विमानं थांबली ती आजारी रजेने.